द क्युअरच्या अल्बमचं पहिलं गाणं: गायक इतक्या उशिरा का येतो?

१ नोव्हेंबर २०२४ला द क्युअर या इंग्लिश रॉक बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' आला, आधीच्या अल्बमनंतर तब्बल सोळा वर्षांनी. त्यातलं पहिलं गाणं 'अलोन' पावणेसात मिनिटांचं आहे, आणि गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज त्यात तीन मिनिटं उलटून गेल्यावर येतो. स्पॉटिफायवर गाणं निदान तीस सेकंद वाजलं की 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं, त्यामुळे आजकालची बरीच पॉप गाणी पहिल्या काही सेकंदांतच गायकाला पुढे करतात. अशा काळात या बँडनं त्या तीस सेकंदांच्या सहापट वेळ नुसती वाद्यं वाजवण्यात घालवला. शिवाय हेच गाणं अल्बमच्या महिनाभर आधी सिंगल म्हणून बाहेर काढलं. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. १९९२च्या 'विश'नंतर पहिल्यांदाच.

हा धाडसीपणा एका रात्रीत आलेला नाही. १९७९पासून या बँडचे चौदा स्टुडिओ अल्बम झाले, आणि त्यांची पहिली गाणी ओळीनं ऐकली तर एक पक्की रीत दिसते. अल्बममधलं सगळ्यात खपाऊ गाणं पुढे लावायचं, हा धंद्याचा नेहमीचा शिरस्ता. द क्युअर बहुतेक वेळा तो पाळत नाही. पहिल्या गाण्याकडून ते वेगळं काम करून घेतात: या अल्बममध्ये किती सावकाश ऐकायचं आहे, वाद्यांमध्ये किती मोकळी जागा आहे आणि कोणत्या वाद्याच्या मागे जायचं आहे, हे ऐकणाऱ्याच्या कानाला शिकवणं. ते कान एकदा तयार झाले की पुढचं सगळं सोपं जातं. पहिलं गाणं गाळून थेट 'लव्हसाँग' किंवा 'फ्रायडे आय अॅम इन लव्ह' ऐकणाऱ्याला हे बँड गोड पॉप बँड वाटतं, ते याचमुळे.

आधी पोस्ट-पंक म्हणजे काय ते थोडक्यात. १९७६-७७मध्ये इंग्लंडात पंक आलं: तीन कॉर्ड्स, भरधाव वेग, गिटारचा भडिमार, अडीच मिनिटांत गाणं खलास. ती लाट ओसरू लागली तशी त्याच पिढीतली पोरं वाद्यांच्या कामांची फेरवाटणी करू लागली. रॉकमध्ये बेस गिटारचं काम कॉर्डचा पाया धरून ठेवण्याचं असतं. पोस्ट-पंकमध्ये धून बेसकडे आली. गिटार पुढून हटून पोत द्यायला लागली, म्हणजे चरचर, लाटा, प्रतिध्वनी. ड्रम्समधल्या झांजा कमी झाल्या आणि खालचे टॉम्स, म्हणजे खोल आवाजाचे ढोल, वाढले. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे शांततेला वाद्याचा दर्जा मिळाला. जॉय डिव्हिजनच्या 'अननोन प्लेझर्स'चं (१९७९) पहिलं गाणं 'डिसऑर्डर' घ्या. आधी एकटे ड्रम्स, मग पीटर हुकचा वरच्या पट्टीत वाजणारा बेस, मग गिटार. गाण्याची ओळख ठरते ती बेसनं, गिटारनं नव्हे. एवढी एक गोष्ट कानाला सापडली की पोस्ट-पंकचं निम्मं दार उघडलं.

द क्युअर लंडनच्या दक्षिणेला असलेल्या क्रॉली या गावातलं बँड. रॉबर्ट स्मिथ गिटार आणि गायन, लॉल टॉलहर्स्ट ड्रम्स, मायकेल डेम्प्सी बेस. मे १९७९मध्ये पहिला अल्बम आला, 'थ्री इमॅजिनरी बॉइज'. मुखपृष्ठावर माणसं नाहीतच. एक उभा दिवा, एक फ्रिज आणि एक व्हॅक्युम क्लीनर. निर्माता ख्रिस पॅरीनं गाणी आणि मुखपृष्ठ आपल्या मनानं ठरवलं याचा स्मिथला राग आला, आणि पुढच्या अल्बमपासून त्यानं निर्मितीची सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. तरीही या अल्बमचं पहिलं गाणं अचूक निवडलेलं आहे.

'टेन फिफ्टीन सॅटर्डे नाइट'. शनिवारची रात्र, सव्वादहा, स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली नळ ठिबकतोय आणि एक पोरगा फोन वाजण्याची वाट बघतोय. गाण्यात याखेरीज काही घडत नाही. करामत मांडणीत आहे. हाय-हॅटची, म्हणजे ड्रम्समधल्या झांजांच्या जोडीची, बारीक टिकटिक नळाच्या थेंबासारखी एका जागी पडत राहते, गिटार कोरडी आणि तुटक वाजते, बेस मोजकाच बोलतो, आणि मधल्या मोकळ्या जागेत तुम्हाला ती खोली ऐकू येते. स्मिथकडे तेव्हा वूलवर्थ्स दुकानातली 'टॉप २०' नावाची स्वस्त गिटार होती. पुढे चांगली फेंडर जॅझमास्टर घेतल्यावरही त्यानं त्या स्वस्त गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग, काढून जॅझमास्टरमध्ये बसवला, कारण तो पत्र्यासारखा खरखरीत आवाज त्याला सोडायचा नव्हता. या गाण्यातल्या सोलोत गिटार एकदम फाटल्यासारखी सुटते आणि पुन्हा आपल्या ठिबकण्याकडे परतते. पावणेचार मिनिटांत बँड सांगून टाकतं: आमच्याकडे रिकाम्या जागेत बरंच काही असतं.

यानंतरचे तीन अल्बम म्हणजे या विषयाचा गाभा, त्यामुळे तिथे जरा थांबू.

'सेव्हन्टीन सेकंड्स' एप्रिल १९८०मध्ये आला. डेम्प्सी गेला होता. सायमन गॅलप बेसवर आला आणि मॅथ्यू हार्टली कीबोर्डवर. पहिलं ट्रॅक 'अ रिफ्लेक्शन' दोन मिनिटांहून थोडं मोठं आहे. गायन नाही, ड्रम्स नाहीत, बेस नाही. पियानोचे सुटे सूर आणि त्यांच्या आसपास फिरणारी गिटार, बस. पहिल्यांदा ऐकताना हे अपुरं वाटतं, आणि ते अपुरं वाटणं हेच त्याचं काम आहे. दुसरं गाणं 'प्ले फॉर टुडे' सुरू होतं तेव्हा ड्रम्स आणि बेस येतात, आणि दोन मिनिटं त्यांच्याविना काढलेल्या कानाला तो साधासा ठेका प्रचंड मोठा वाटतो. ड्रम्सचा आवाज खरं तर कोरडा आणि किरकोळच आहे. 'अ रिफ्लेक्शन' गाळून 'प्ले फॉर टुडे' लावलं तर हा परिणाम साफ नाहीसा होतो, करून बघावं. तबकडीच्या दुसऱ्या बाजूलाही हाच डाव आहे. तिथे 'द फायनल साउंड' नावाचा मिनिटाहूनही छोटा वाद्यतुकडा आहे आणि त्याच्या पाठोपाठ अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं गाणं, 'अ फॉरेस्ट'. दोन बाजू, दोन्हींच्या दारात एकेक बिनशब्दांचा तुकडा. हे योगायोगानं होत नाही.

'फेथ' (एप्रिल १९८१) येईपर्यंत हार्टली बाहेर पडला होता आणि बँड पुन्हा तिघांचं झालं. पहिलं गाणं 'द होली अवर' बेसपासून सुरू होतं. गॅलपचा बेस ऐकताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावं. तो बोटांऐवजी पिकनं, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या चकतीनं, वाजवतो, त्यामुळे प्रत्येक सुराला टोक असतं. आणि त्याच्या आवाजावर कोरस किंवा फ्लँजर हे इफेक्ट असतात. कोरस पेडल मूळ आवाजाची एक प्रत किंचित उशिरा आणि सुरात किंचित हलवत त्याच्यावर टाकतं, त्यामुळे एकच तार दोघांनी वाजवल्यासारखी पसरट ऐकू येते. फ्लँजरमध्ये हा उशीर आणखी कमी असतो, आणि आवाजातून एक घोंगावणारी लाट सरकल्यासारखी वाटते. साधा बेस जमिनीला चिकटून असतो. असा बेस पाण्यातून आल्यासारखा वाटतो. गाण्यात एक माणूस चर्चमध्ये गुडघे टेकून शांतपणे वाट बघतोय, आणि त्याच्याभोवतीचा घुमट आपल्याला बेसवरून कळतो. लगेच पुढचं 'प्रायमरी' सुरू होतं. त्यात गिटार नाही. स्मिथ आणि गॅलप दोघंही बेस वाजवतात. 'द होली अवर'नं बेसकडे लक्ष द्यायला शिकवलं, आणि 'प्रायमरी'नं लगेच परीक्षा घेतली.

आणि मग 'पोर्नोग्राफी', मे १९८२. 'वन हंड्रेड इयर्स' हे माझ्या मते या बँडचं सगळ्यात निर्दय पहिलं गाणं आहे. पावणेसात मिनिटं ड्रम मशीन एकाच ठेक्यावर हाणत राहतं, थकत नाही, सैल पडत नाही. वर गिटारची एक किंचाळणारी ओळ सापासारखी वळवळत राहते, बेस खालून ढकलतो. गाण्याचा पहिलाच उद्गार असा, की आपण सगळे मेलो तरी काय फरक पडतो. कडवं-ध्रुवपद अशी सुटका नाही, ताण उतरणारी जागा नाही. इथे ड्रम मशीनची निवड फार महत्त्वाची आहे. माणूस ड्रम्स वाजवतो तेव्हा त्याचा ठेका मिलीसेकंदांनी मागेपुढे होतो आणि तेवढ्यावर कानाला दिलासा मिळतो. यंत्रानं तो दिलासा काढून घेतला. या अल्बममध्ये इतरत्र टॉलहर्स्टचे जड, घुमणारे टॉम्स आहेत; पण दारात उभं आहे ते यंत्र. एवढं कठोर संगीत असूनही अल्बम ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेला. त्या वर्षीच्या दौऱ्यात मात्र बँडच मोडलं: स्मिथ आणि गॅलपची मारामारी झाली आणि गॅलप बाहेर पडला.

आता मुख्य प्रश्नाकडे. सुरुवातीची दोन-तीन-चार मिनिटं वाद्यं नेमकं काय करतात?

ख्याल ऐकणाऱ्या मराठी कानाला आलाप आठवेल, आणि काही अंशी ते बरोबरही आहे: बंदिश येण्याआधी रागाची हवा तयार करायची. फरक असा की आलापात ताल नसतो आणि राग उलगडत जातो, तर द क्युअरमध्ये ठेका पहिल्यापासून पक्का असतो आणि सुरावट जवळजवळ बदलतच नाही. बदलतो तो थर. चार किंवा आठ आवर्तनांनी एक नवी गोष्ट वर येऊन बसते: आधी ड्रम्स आणि बेस, मग सिंथचा (सिंथेसायझर कीबोर्डचा) लांब सूर, मग एक गिटार, मग तिच्या उलट दिशेनं चालणारी दुसरी गिटार. कॉर्ड्स मात्र त्याच दोन-चार, फिरून फिरून. कॉर्ड्स बदलत नाहीत म्हणून कान पुढे काय येणार याचा अंदाज बांधणं सोडतो आणि आत्ता वाजणाऱ्या आवाजाच्या पोताकडे वळतो. या अवस्थेत गायक आला की त्याचे शब्द नुसत्या गाण्याच्या ओळी वाटत नाहीत. आपण आधीपासून बसलेल्या खोलीत कुणीतरी बोलू लागल्यासारखं वाटतं.

गायक येण्याआधी अशी खोली उभी करण्याचं सगळ्यात नेटकं उदाहरण 'प्लेनसाँग', मे १९८९च्या 'डिसइंटिग्रेशन'चं पहिलं गाणं. स्मिथ त्याच सुमारास तीस वर्षांचा झाला होता आणि हा अल्बम मोठा, सावकाश आणि गंभीर करायचा हे त्यानं ठरवलेलं होतं. गाणं सव्वापाच मिनिटांचं. सुरुवातीला फक्त वाऱ्यावर किणकिणणाऱ्या विंड चाइम्स, इतक्या हलक्या की गाणं सुरू झालं की नाही अशी शंका यावी. मग एका क्षणात संपूर्ण बँड एकदम: सिंथचे रुंद, स्ट्रिंग्जसारखे सूर, सावकाश आणि भारदस्त ड्रम्स, आणि त्यातून खाली उतरत जाणारी धून. इथे थर एकेक करून चढत नाहीत, भिंत एकाच वेळी उभी राहते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याची हमखास होणारी गडबडही इथलीच: चाइम्स नीट ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला जातो आणि पुढच्या क्षणी कानाचे पडदे हलतात. आवाजाची पातळी चाइम्सवरून ठरवू नये. गाणं मिनिटभर पुढे नेऊन, पूर्ण बँडवर पातळी ठरवावी आणि मग पुन्हा पहिल्यापासून लावावं. अल्बमच्या कव्हरवर बँडनं स्वतःच लिहून ठेवलंय की हे संगीत मोठ्या आवाजात वाजवण्यासाठी मिक्स केलंय, तेव्हा आवाज वाढवा.

स्मिथ गाणं निम्मं झाल्यावर येतो. तोही पुढे येत नाही. प्रतिध्वनीत भिजलेला, दूरवरून येणारा आवाज. ध्रुवपद नाही. दोन माणसांचं अर्धवट संभाषण: तिला पाऊस येईलसं वाटतं, जगाच्या कडेवर उभं असल्यासारखं वाटतं, आणि थंडी, आणि म्हातारपण. तेवढं बोलून तो पुन्हा त्या आवाजाच्या भिंतीत नाहीसा होतो. रचनेच्या हिशेबानं हे गाणं अपुरं आहे, पण पहिलं गाणं म्हणून ते पूर्ण आहे, कारण पुढच्या 'पिक्चर्स ऑफ यू'मध्ये गायक पुन्हा दोनेक मिनिटांनी येतो आणि तोपर्यंत कुणालाच घाई उरलेली नसते. १९८९च्या 'प्रेयर टूर'मध्ये कार्यक्रमही 'प्लेनसाँग'नंच सुरू व्हायचे.

'किस मी, किस मी, किस मी'चं (मे १९८७) पहिलं गाणं 'द किस' याच्या अगदी उलट्या स्वभावाचं. सहा मिनिटांचं गाणं, त्यात जवळजवळ चार मिनिटं गायकाचा आवाज नाही. ठेका संथ, आणि त्यावर वॉ-वॉ पेडलमधून पिळून काढलेली गिटार. वॉ-वॉ म्हणजे पायानं चालवायचं पेडल: ते दाबत-सोडत गेलं की आवाजातला एक अरुंद पट्टा वरखाली सरकतो आणि गिटार माणसासारखी 'वा-वा' करू लागते. इथे गायकाचं काम ती गिटारच करते. स्मिथ शेवटी येतो तो ओरडतच, आणि नाव 'चुंबन' असलेलं गाणं निखळ द्वेषाचं निघतं. त्याला लागूनच 'कॅच' येतं, पावणेतीन मिनिटांचं हलकंफुलकं गाणं. अठरा गाण्यांच्या जोडअल्बमला अशीच सुरुवात हवी होती. दोन गाण्यांत तुम्हाला दोन टोकं दाखवली जातात आणि उरलेली सोळा त्यांच्यामध्ये कुठेही पडू शकतात.

इथे तबकडीच्या भौतिकशास्त्राकडेही बघायला हवं, कारण पहिलं गाणं कुठे बसतं याला एक रोकडं कारण आहे. बारा इंची एलपी मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांहून किंचित जास्त वेगानं फिरते. हा वेग कायम असतो, पण बाहेरच्या कडेचा घेर मोठा. त्यामुळे कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम २० सेंटिमीटर. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोरायचा म्हटलं की बारीक तपशील, म्हणजे झांजा, चाइम्स, गायकाचे 'स' आणि 'श', आतल्या बाजूला घासल्यासारखे ऐकू येतात. प्रत्येक बाजूचं पहिलं गाणं सगळ्यात स्वच्छ वाजतं. 'प्लेनसाँग'च्या चाइम्स बाजूच्या शेवटी असत्या तर त्यांची बरीच चमक गेली असती.

दुसरी अडचण वेळेची. मोठा आवाज आणि भरपूर बेस यांना रुंद खाच लागते, आणि खाच रुंद झाली की एका बाजूला कमी मिनिटं मावतात. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपर्यंत ठीक चालतं. त्यापुढे आवाजाची पातळी खाली आणावी लागते आणि सुईची खरखर वर येते. 'सेव्हन्टीन सेकंड्स' आणि 'फेथ' पस्तीस-सदतीस मिनिटांचे, म्हणजे आरामात. 'डिसइंटिग्रेशन' सीडीवर बारा गाणी आणि बहात्तर मिनिटांच्या आसपास. १९८९च्या एकेरी एलपीवर 'लास्ट डान्स' आणि 'होमसिक' गाळूनही बाजूला सुमारे अर्धा तास भरावा लागला. त्या काळची जुनी प्रत विकत घेणार असाल तर हे माहीत असावं: आवाज दबका वाटला तर दोष तुमच्या सुईचा असेलच असं नाही. पुढे निघालेली दोन तबकड्यांची आवृत्ती या बाबतीत सुटसुटीत आहे. सीडीलाही मर्यादा होतीच. 'किस मी' चौऱ्याहत्तर मिनिटांच्या पुढे जात होता, म्हणून मूळ सीडीतून 'हे यू!!!' वगळावं लागलं.

सगळी पहिली गाणी लांबलचक आहेत असं नाही. 'द हेड ऑन द डोअर'चं (१९८५) 'इन बिटवीन डेज' तीन मिनिटांच्या आत संपतं. बोरिस विल्यम्सचा एक छोटा, खणखणीत ड्रम रोल, आणि पुढच्या ठोक्याला अकूस्टिक गिटार, बेस, ड्रम्स सगळे पळत सुटलेले. त्यावर सिंथची एक गुणगुणता येणारी ओळ. शब्द मात्र काल एकदम इतकं म्हातारं झाल्यासारखं वाटलं की मरून जावं असे. गॅलप परतला होता, विल्यम्स नवा होता, बँड पाच जणांचं झालं होतं, आणि हे सगळं त्या एका ड्रम रोलमध्ये कळतं. या यादीत पॉपला सगळ्यात जवळचं पहिलं गाणं हेच, आणि तिथेही पहिलं पाऊल ड्रम्सचंच आहे. २००४च्या 'द क्युअर'मधलं 'लॉस्ट' आणखी टोकाचं. निर्माता रॉस रॉबिन्सन कॉर्न आणि स्लिपनॉटसारख्या बँड्ससाठी ओळखला जाणारा. त्यानं सगळ्यांना एका खोलीत एकत्र वाजवायला लावलं. गाणं सुरू होताच स्मिथ स्वतःलाच हरवल्याचं सांगू लागतो, तेच ते पुन्हा पुन्हा, आणि बँड त्याच्यामागे हळूहळू फुगत जातं. नेहमीचा क्रम उलटा फिरवलाय: आधी गायकाचा आवाज, मग वाद्यांची भिंत.

आता जिथे गणित चुकतं त्या जागा. पहिलं गाणं वाईट असणं ही या बँडची अडचण कधीच नव्हती. अडचण येते ती पहिलं गाणं अल्बमबद्दल जे सांगतं ते पुढे खरं न ठरल्यामुळे. १९९६च्या 'वाइल्ड मूड स्विंग्ज'चं 'वॉन्ट' जबरदस्त आहे: सगळंच आणखी हवं, आणखी दारू, आणखी स्वप्नं, आणि तरी पुरत नाही. गिटारची भरती चढत जाते आणि मोठा, गडद अल्बम सुरू झाल्याची खात्री पटते. लगेच 'क्लब अमेरिका' येतं आणि अल्बम वेगळ्याच गल्लीत शिरतो. पुढे तर ब्रास वाद्यांची गाणीही आहेत. त्यातली काही चांगली आहेत, पण कान चुकीच्या तयारीनं बसलेला असतो. २००८च्या '४:१३ ड्रीम'चंही तेच. 'अंडरनीथ द स्टार्स' सहा मिनिटांचं, ताऱ्यांखाली पहुडलेलं, 'प्लेनसाँग'च्या घराण्यातलं गाणं; आणि मागून येणारी बहुतेक गाणी छोटी, चटपटीत. हेच गाणं अल्बमच्या शेवटी असतं तर दोघांनाही न्याय मिळाला असता, असं माझं ठाम मत आहे. १९८४च्या 'द टॉप'चं 'शेक डॉग शेक' मात्र प्रामाणिक आहे. अल्बम विस्कळीत आणि तापानं फणफणलेला, आणि पहिलं गाणंही तसंच.

पहिल्या गाण्याचा दुसरा टोकाचा भिडू म्हणजे शेवटचं गाणं. 'पोर्नोग्राफी' सुरू होतो सगळे मेले तरी चालेल या भावनेनं आणि संपतो या आजाराशी लढून त्यावर इलाज शोधायलाच हवा या निश्चयानं. 'विश'मध्ये पहिल्या गाण्याचं नाव 'ओपन' आणि शेवटच्याचं 'एंड'. 'ओपन'मध्ये पार्टीत पीत राहणारा, कुणालाच नाही म्हणू न शकणारा माणूस आहे; 'एंड'मध्ये तोच जणू चाहत्यांना विनवतो की माझ्यावर प्रेम करणं थांबवा, तुम्ही समजता तसा मी नाही. आणि 'अलोन'ची पहिलीच ओळ सांगते की आपण गात आलेल्या प्रत्येक गाण्याचा हा शेवट आहे. अल्बमची सुरुवातच अंतानं. हे गाणं अर्नेस्ट डाउसन या इंग्लिश कवीच्या 'ड्रेग्ज' या कवितेवरून सुचलेलं. विझलेली आग आणि पेल्याच्या तळाशी उरलेला गाळ त्या कवितेतला. शेवटच्या, दहा मिनिटांच्या 'एंडसाँग'मध्ये गाण्याच्या अंताचे तेच शब्द परत येतात. रेकॉर्ड निघण्याच्या दोन वर्षं आधी, ६ ऑक्टोबर २०२२ला रीगामध्ये दौऱ्याची सुरुवात झाली, तीही 'अलोन'नंच. अल्बमचं दार कोणतं हे तेव्हाच ठरलेलं होतं.

ऐकण्याची तयारी कशी करावी, तर पहिली गोष्ट फोनचा स्पीकर बंद. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते आणि फोनचा इवलासा स्पीकर शे-दोनशे हर्ट्झखाली जवळजवळ काहीच देत नाही. 'द होली अवर' फोनवर ऐकणं म्हणजे त्यातलं मुख्य पात्र काढून टाकणं. साधे वायरचे इअरफोनही चालतील, फक्त कानात घट्ट बसले पाहिजेत. सैल बसले की सगळ्यात आधी बेस गळतो.

मग ॲपमधल्या सेटिंग्ज. शफल बंद. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी सोय, शून्यावर, नाहीतर 'अ रिफ्लेक्शन'च्या शेवटावर 'प्ले फॉर टुडे' चढून बसतं आणि ज्या धक्क्यासाठी ती दोन मिनिटं आहेत तो धक्काच मरतो. आवाज सारखा करणारं नॉर्मलायझेशन अल्बम पहिल्यापासून सलग लावला तर फार नडत नाही, कारण स्पॉटिफाय अशा वेळी पूर्ण अल्बमला एकच पातळी लावतं. प्लेलिस्टमध्ये किंवा शफलवर मात्र प्रत्येक गाणं वेगळं तोललं जातं, आणि 'अ रिफ्लेक्शन'सारखा मुद्दाम हळू ठेवलेला तुकडा शेजारच्या गाण्याइतका मोठा होतो. एक इशारा: 'डीलक्स' आवृत्त्यांमध्ये मूळ अल्बमच्या मागे डेमो आणि लाइव्ह ट्रॅक्स जोडलेले असतात. शेवटचं गाणं कुठलं ते आधी बघून ठेवावं, नाहीतर पहिल्या-शेवटच्याची जोडी हाताला लागत नाही.

ऐकताना पहिल्या फेरीत शब्द सोडून द्यावेत. फक्त कोणतं वाद्य केव्हा येतं ते टिपावं, शक्यतो घड्याळाकडे बघत: ड्रम्स कधी, बेस कधी, दुसरी गिटार कधी, आवाज कधी. दुसऱ्या फेरीत फक्त बेसच्या मागे जावं. तिसऱ्या फेरीत शब्द. त्यानंतर न थांबता दुसरं गाणं ऐकावं, कारण पहिल्या गाण्याचं निम्मं काम तिथे दिसतं.

स्वतःचं बँड असलेल्यांसाठीही यात हाताशी येणारी गोष्ट आहे. गाण्यांचा क्रम ठरवताना अख्खी गाणी ऐकत बसू नये. पहिल्या गाण्याचे शेवटचे वीस सेकंद आणि दुसऱ्याचे पहिले तीस सेकंद जोडून ऐकावेत, मधल्या शांततेसकट. ही शांतता अर्धा सेकंद, दोन सेकंद आणि चार सेकंद अशी तीनदा बदलून बघितली तर एकाच जोडीचे तीन वेगळे परिणाम ऐकू येतात. लांब वाद्यप्रवेश ठेवायचा असेल तर तो काढून टाकून एकदा गाणं ऐकावं. गायकाचा प्रवेश तेवढाच परिणामकारक वाटला तर वाद्यप्रवेशात थर नाहीत, नुसती मिनिटं आहेत.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी 'इन बिटवीन डेज'पासून करावी, तिथून 'प्लेनसाँग', मग 'द होली अवर', आणि 'वन हंड्रेड इयर्स' सगळ्यात शेवटी, रात्री उशिरा नको. एकाच बैठकीत तीन दारं बघायची असतील तर नोव्हेंबर २००२मधलं बर्लिनच्या टेम्पोड्रोममधलं 'ट्रिलॉजी'चं चित्रीकरण शोधावं. बँडनं तिथे 'पोर्नोग्राफी', 'डिसइंटिग्रेशन' आणि 'ब्लडफ्लॉवर्स' हे तीन अल्बम मूळ क्रमानं, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवले. 'वन हंड्रेड इयर्स', 'प्लेनसाँग' आणि 'आउट ऑफ धिस वर्ल्ड' या तिन्हींत गायक माइकसमोर उभा राहून किती वेळ नुसती गिटार वाजवतो, ते तिथे डोळ्यांनी दिसतं.